‘उदासीन’ मतदार कोण घडवतो? : लाऊंड्स कौंटीचा धडा

निवडणूक झाली की एक वाक्य हमखास कानावर येते : “या लोकांना राजकारणाचे भान नाही. मतदानाला बाहेर पडत नाहीत आणि पडलेच तर मालक सांगेल तिथे मत देतात.” प्रस्थापितांनी असे बोलावे यात नवल नाही. पण मतदार नोंदणीच्या कामात आम्हाला आपलेच शिकलेले तरुण वस्तीतल्या माणसांविषयी असे बोलताना भेटतात, तेव्हा इतिहास उघडून बघणे भाग पडते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरही हाच शिक्का मारला गेला होता. तो किती खोटा होता, हे अलाबामा राज्यातील लाऊंड्स या छोट्याशा कौंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाने, दाखवून दिले.

सुरुवात थोडी मागून करू. अमेरिकेत 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. 1870 च्या 15 व्या घटनादुरुस्तीने वंश किंवा रंगाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. तेव्हा हा हक्क पुरुषांपुरताच होता. पण कालपर्यंत गुलाम असलेली ही माणसे उदासीन राहिली का? नाही. दक्षिणेत ती हजारोंनी मतदानाला उतरली. पुढच्या काही वर्षांत सुमारे 2000 कृष्णवर्णीय वेगवेगळ्या सार्वजनिक पदांवर पोहोचले. मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स 1870 मध्येच सिनेटचे सदस्य झाले. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तो याच काळात.

मग हा सहभाग आटला कसा? तो आटवला गेला. 1877 मध्ये केंद्राचे सैन्य दक्षिणेतून मागे गेले आणि गोऱ्या जमीनदारांना रान मोकळे झाले. आधी खून आणि दहशत, नंतर कायदे. घटनेत ‘रंग’ हा शब्द चालत नव्हता, म्हणून रंगाचे नाव न घेता काम साधले गेले. मत देण्यासाठी कर भरा. घटनेच्या कलमाचा अर्थ सांगा, आणि तो बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवणार. लुईझियानाने 1898 मध्ये तर अशी सवलत काढली की ज्यांचे बाप-आजे 1867 पूर्वी मतदार होते, त्यांना या अटी लागू नाहीत. गुलामांचे बाप-आजे मतदार कुठून असणार? परिणाम बघा. लुईझियानात 1896 मध्ये नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार 1,30,334 होते, 1900 मध्ये उरले 5,320. चार वर्षांत सव्वा लाख माणसांचे राजकीय भान हरपले, असे कोणी म्हणेल काय?

आता लाऊंड्सकडे येऊ. या कौंटीत दर दहापैकी आठ माणसे कृष्णवर्णीय होती. पण 1965 च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांचे एकही नाव नव्हते. गोऱ्यांची नोंदणी मात्र पात्र गोऱ्यांच्या संख्येपेक्षाही जास्त होती! जमीन मूठभर गोऱ्या कुटुंबांच्या हातात, बहुतेक कृष्णवर्णीय त्यांच्याकडे वाट्याने शेती करणारे किंवा मजूर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जॉन ह्युलेट आणि त्यांचे साथीदार नोंदणीसाठी सरकारी कचेरीवर गेले. ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा आला, परीक्षा रद्द झाली, नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी आले. पण कायदा दिल्लीचा असो की वॉशिंग्टनचा, गावात भाकरी मालकाच्याच हातात असते. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना जमिनीवरून आणि घरांतून हुसकावण्यात आले. डिसेंबर 1965 मध्ये अशी कुटुंबे महामार्गाकडेला तंबू ठोकून राहू लागली. त्या तंबूंवर गोळ्याही झाडल्या गेल्या.

हे वाचताना आपल्याला वेगळे काय वाटते? पाणवठ्यावर हक्क सांगितला की काम बंद, किराणा बंद, रस्ता बंद, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. बाबासाहेबांनी हे हत्यार नेमके ओळखले होते. म्हणूनच 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली. पोटावर पाय असेल तर मतपेटीपर्यंत पाय पोहोचत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

लाऊंड्सच्या माणसांनी पुढे जे केले ते आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे. अलाबामातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह तेव्हा पांढरा कोंबडा होते आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा होती. त्या पक्षात जागा मागण्याऐवजी त्यांनी स्टोकली कारमायकल आणि त्यांच्या विद्यार्थी संघटनेच्या साथीने स्वतःचा पक्ष काढला. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ओळखता यावे असे चिन्ह हवे होते. त्यांनी निवडला काळा पँथर. शेरीफ म्हणजे पोलीस प्रमुखाचे काम काय, कर ठरवणारा अधिकारी काय करतो, शाळा मंडळाच्या हातात काय असते, हे सांगणाऱ्या चित्रपुस्तिका काढल्या. सभा-बैठकांत त्यावर चर्चा झाल्या. ‘मत द्या’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. त्या मताने काय हातात येते, तेही सांगितले.

नोव्हेंबर 1966 च्या निवडणुकीत त्यांचे सगळे उमेदवार हरले. जमीनदारांनी आपल्या मजुरांना गाड्यांत भरून आणले आणि गोऱ्यांना मते द्यायला लावली. आपले काही मित्र अशा वेळी “समाजच विकला गेला” म्हणून मोकळे होतात. लाऊंड्सने तसे म्हटले नाही. मान्यताप्राप्त पक्ष ठरण्याइतकी मते मिळाली होती, ती धरून काम चालू ठेवले. 1970 मध्ये जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या कौंटीत पाच वर्षांपूर्वी एकही कृष्णवर्णीय मतदार नव्हता, तिथला पोलीस प्रमुख आता कृष्णवर्णीय होता. तोच पँथर 1966 मध्ये ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीने उचलला आणि त्याच नावाने 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण पँथरची डरकाळी आठवतो, पण त्याचा जन्म मतपत्रिकेवर झाला हे विसरतो.

मिसिसिपीत 1964 मध्ये पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम 6.7 टक्के मतदार नोंदलेले होते. 1967 मध्ये 59.8 टक्के झाले. माणसे तीच होती, बंद दार उघडले होते. 2012 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तर अमेरिकी जनगणना खात्याच्या पाहणीनुसार कृष्णवर्णीयांची मतदानाची टक्केवारी गोऱ्यांपेक्षा जास्त होती. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1965 च्या कायद्यातील देखरेखीची तरतूद निकामी केली आणि अनेक राज्यांत मतदारांवर नव्या अटी आल्या. मिळवलेला हक्क राखावाही लागतो, तो असा.

मित्रांनो, आपल्याला प्रौढ मताधिकार घटनेच्या पहिल्या दिवसापासून मिळाला. तो कोणाची मेहेरबानी म्हणून नव्हे. बाबासाहेब 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी उभे राहिले, तेव्हापासूनचा तो लढा आहे. म्हणून यापुढे वस्तीतले मतदान कमी दिसले तर माणसांना दोष देण्याआधी चार प्रश्न विचारा. यादीतून नावे कोणाची गळाली? मतदानादिवशी ऊसतोडीला, वीटभट्टीला कोण गेले आहे? उधारी कोणाची आहे? आणि ग्रामपंचायत सदस्याच्या हातात काय असते, हे त्यांना कोणी सांगितले आहे का? पहिल्या तिन्हींची उत्तरे व्यवस्थेकडे मागायची. चौथ्याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.

जय भीम!