एबरबाख मठ

एबरबाख मठ हा जर्मनीच्या हेसेन राज्यात एल्टव्हिले शहराजवळ असलेला सिस्टर्शियन पंथाचा माजी ख्रिस्ती मठ आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या ऱ्हाइनगाऊ प्रदेशातील त्याचे द्राक्षमळे आज राज्याच्या मालकीचे असून, देशातील सर्वांत मोठ्या वाइन उत्पादकांत त्यांची गणना होते.

इतिहास

संत बर्नार्ड यांनी क्लेअरव्होहून पाठवलेल्या मठवासीयांनी ११३६ मध्ये येथे वस्ती केली. स्वतःच्या श्रमावर जगणे हा पंथाचा नियम असला, तरी शेतीची बरीचशी कामे 'लौकिक बंधू' करीत. हे व्रतस्थ असत, पण धर्मगुरू नसत. तयार वाइन ऱ्हाइनमार्गे कोलोनच्या बाजारात जाई. १५००च्या सुमारास मठात एक अवाढव्य लाकडी पिंप बांधण्यात आले. त्यात सुमारे ७०,००० लिटर वाइन मावत असे. १५२५च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी ते जवळजवळ रिकामे केले.

१८०३ मध्ये मठ बरखास्त होऊन त्याची मालमत्ता नासाऊच्या राजघराण्याकडे गेली. काही इमारतींचा पुढे तुरुंग म्हणून वापर झाला. द्राक्षमळे मात्र १८६६ नंतर प्रशियाकडे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हेसेनकडे आले.

स्टाइनबर्ग

मठाजवळचा स्टाइनबर्ग हा सुमारे ३२ हेक्टरांचा मळा अठराव्या शतकातील दगडी भिंतीने वेढलेला आहे. येथे मुख्यतः रीसलिंग जातीची द्राक्षे पिकतात. याच पंथाने फ्रान्सच्या बर्गंडीत उभारलेला क्लो द व्हूजो हा भिंतबंद मळा फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त होऊन विकला गेला आणि आज सुमारे ऐंशी मालकांत विभागलेला आहे. तेथे नाव एकच असले तरी वाइनचा दर्जा उत्पादकागणिक बदलतो. स्टाइनबर्ग मात्र राज्यकर्ते बदलूनही एकाच मालकाच्या हाती राहिला.

'काबिनेट' शब्द

अठराव्या शतकात येथील निवडक वाइन एका स्वतंत्र तळघरात जपून ठेवली जाई. त्या तळघराला व पर्यायाने त्या वाइनला 'काबिनेट' म्हणत. १९७१च्या जर्मन वाइन कायद्याने हा शब्द स्वीकारला, पण उलट्या दिशेने: विशेष दर्जाच्या वाइनच्या श्रेणींत सर्वांत खालच्या, हलक्या वाइनला आता 'काबिनेट' म्हणतात. जुन्या बाटल्यांवरील हा शब्द वाचताना ही गल्लत सहज होते.

सद्यस्थिती

लौकिक बंधूंच्या भोजनगृहात द्राक्षांचा रस काढण्याचे जुने लाकडी दाबयंत्र-संच मांडलेले आहेत. 'द नेम ऑफ द रोज' (१९८६) या चित्रपटातील अनेक अंतर्गत दृश्ये याच मठात चित्रित झाली.