चिंचवडहून लोटलीला, मारिओच्या वहीपर्यंत

1950 सालचा मे महिना आहे आणि तुम्ही पुण्याहून मीटरगेज गाडीत बसला आहात. आपल्या काळात तुम्ही आकुर्डीत राहता, दिवसा चाकणच्या कंपन्यांसाठी ‘हेल्मेट घाला’ छापाची पोस्टरं करता आणि रात्री स्वतःचं काहीतरी काढता. ते ‘स्वतःचं’ नेमकं काय, हे अजून ठरत नाही. वडील लातूरकडून कामाला आले, तुम्ही इथेच वाढलात. गाव कुठलं विचारलं की तुम्ही एक उत्तर देता आणि आई दुसरं. टॅब्लेट घरी ठेवा, इथे तो चालणार नाही. एक वही आणि टाक पुरे.

मिरज, बेळगाव, लोंढा. मग कॅसलरॉक. इथे भारत संपतो. जकात खात्याचे लोक डब्यात चढतात, ट्रंका उघडायला लावतात, साड्यांच्या घड्यांत हात घालून बघतात. गाडी घाट उतरते, दूधसागरची उन्हाळ्यात बारीक झालेली धार खिडकीतून दिसते आणि खाली कुळ्याला पोर्तुगीज अंमलदार पुन्हा त्याच ट्रंका उघडतात. तुमच्या शेजारचा गोवेकर मुंबईत बोटीवर खलाशी आहे, सुटीवर निघालाय. तो या झडतीला सरावलाय. मुंबईतले हजारो गोवेकर असेच ये-जा करतात. पैसा तिकडे, गाव इकडे आणि मध्ये दोन राज्यांच्या दोन जकाती. ‘डायस्पोरा’ हा जड शब्द या डब्यात कुणाला ठाऊक नाही, पण सगळा डबा त्याच लोकांनी भरला आहे.

मडगावला उतरा. लोटली तिथून जवळच. गावात मिरांदांचं जुनं मोठं घर आहे. त्या घरातला मारिओ आज चोवीस वर्षांचा आहे. 2 मे 1926 चा जन्म, तोही दमणला. शाळा बंगळुरूची, पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्सची आणि विषय इतिहास. घरच्यांच्या आग्रहाखातर आर्किटेक्चरला जाऊन बघितलं, पण मन लागलं नाही. चित्रकलेचं शिक्षण शून्य. लहानपणी घराच्या भिंती रंगवायचा म्हणून आईने कोरी वही हातात दिली, ती सवय सुटलेली नाही.

आता त्याच्या मागे उभे राहा आणि वहीत डोकावा. ही रोजनिशी आहे. 1949, 1950, 1951 या तीन वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने येणार आहेत, पण आज हे त्याला माहीत नाही. पानावर तारीख, तिच्याखाली चित्र, चित्राला लागून दोन-चार ओळी. गावातलं लग्न, मिसाहून परतणारी माणसं, नाचाच्या रात्री कोण कुणाकडे बघत होतं, मासळीवाली, पाद्री. पाद्र्यांची व्यंगचित्रं काढून शाळेतही त्याने बोलणी खाल्ली होती. नीट बघा, कुठलंही तोंड दुसऱ्या तोंडाची नक्कल नाही. वीस माणसं असतील तर वीस नाकं आहेत. कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा ओळखीचं, कुणाच्या तरी दारातलं.

तुम्ही मनात हिशेब करता: याला पैसे कोण देतं? कुणीच नाही. ओळखीच्यांसाठी पोस्टकार्डं रंगवून थोडे सुटतात, एवढंच. शैली, पोर्टफोलिओ, फॉलोअर यांतलं काही नाही. आजचा दिवस आजच्या पानावर उतरवायचा, उद्या पुढचं पान. माझ्या मते त्याचं करिअर इथेच घडलं. पुढच्या साठ वर्षांत त्याने बरंचसं या वह्यांतलं भांडवल फिरवलं.

मुंबईत चला, पन्नासचं दशक. तो एका जाहिरात स्टुडिओत नोकरीला आहे. चार वर्षं. तुमच्या हेल्मेटच्या पोस्टरांसारखंच काम, तेव्हा त्याला नावं ठेवू नका. मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’त चित्रं छापून येतात, ‘करंट’ साप्ताहिकात व्यंगचित्रकाराची जागा मिळते आणि पुढे टाइम्स समूहाचं दार उघडतं.

इथवर ठीक चाललेलं असताना तो लिस्बनला जातो. गुलबेंकियान प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती, एक वर्षाची. आपली भाषा रस्त्यावर ऐकू येते, पण आपण इथले नव्हे, हा अनुभव गोवेकराला लिस्बनमध्ये जसा येईल तसा लंडनमध्येही येणार नाही. त्याच्या मनात काय होतं ते मला सांगता येत नाही. पानावर काय आलं ते मात्र दिसतं. तिथून तो लंडनला जातो, बरीच वर्षं राहतो, चित्रं विकून पोट भरतो. ‘लिलिपुट’, ‘पंच’ यांसारख्या मासिकांत छापून येतो. पबमध्ये बसा त्याच्याबरोबर. टाक तोच, वहीही तशीच. फक्त समोर फेणीऐवजी बिअर आहे आणि नाकं जरा लांब झाली आहेत. परक्या शहरात गेल्यावर तिथल्यासारखं काढायचा मोह प्रत्येकाला होतो. हा तिथलं काढतो, पण आपल्यासारखं.

परत मुंबई. आर. के. लक्ष्मण त्याच समूहात आहेत. लक्ष्मणांचा माणूस गप्प उभा राहून बघतो, मारिओंची माणसं एकमेकांच्या अंगावर सांडतात. (आता त्यांना अहो-जाहो करायला हवं, मिशीही पिकायला लागली आहे.) मिस निंबूपाणी, ऑफिसातली मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास. ही मुंबईची पात्रं, पण ती बघणारा डोळा लोटलीच्या चौकातला. 1974 मध्ये अमेरिकेचं बोलावणं येतं आणि तिथे व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ भेटतात. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची गर्दी आजही आहे. वडापावच्या पैशात तिथे बसता येत नाही, पण एकदा जाऊन या.

एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. मारिओंचा गोवा फार आनंदी आहे. खाणी, जात, 1961 च्या गोवामुक्तीआधीची पोर्तुगीज तुरुंगातली माणसं त्या गर्दीत फारशी भेटत नाहीत. त्यात पुढे त्यांची चित्रं कपांवर, टाइल्सवर, पिशव्यांवर गेली आणि पर्यटकाला वाटलं, गोवा म्हणजे हाच. ओळखीचं भांडवल केलं की बाजार तिचा गोड भाग आधी उचलतो. तुम्हीही उद्या ‘पिंपरी’ म्हणून टी-शर्टावर मोरया आणि मिसळ काढाल, तेव्हा हे आठवा.

आता घरी या, पण सरळ आजच्या दिवसात नको. ऐंशीच्या दशकात उतरा, पिंपरीतल्या एका शाळेत. 1982 मध्ये महापालिका झाली आहे. बाकावर टेल्कोतल्या फिटरचा मुलगा, शेजारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीतली मुलगी, मागे सिंधी कॅम्पातला पोरगा. फाळणीनंतर त्याच्या आजोबांनी इथे नव्याने बस्तान बसवलं. बाई बालभारतीचं इंग्रजीचं पुस्तक उघडायला सांगतात. धडा कुणाला कळत नाही, चित्र सगळ्यांना कळतं: फुगलेल्या पोटाचे काका, वळणदार फांद्या, कोपऱ्यात कुत्रं. ती चित्रं मारिओंची. ‘हा गोव्याचा माणूस’ असं वर्गात कुणी सांगत नाही. शंभर गावांहून आलेल्यांची पोरं एका गाववेड्या चित्रकाराचं बोट धरून इंग्रजी शिकतात. सिंधी पोरगा फुगलेल्या काकांना मिशा काढतो. काका बिघडत नाहीत.

हे फक्त मारिओंपुरतं नाही. थी बुई ही व्हिएतनामी बाई 1975 मध्ये सायगावला जन्मली. तीन वर्षांनी घरचे तिला घेऊन निर्वासित म्हणून अमेरिकेत पोचले. आईवडिलांच्या आठवणी तिने आधी मुलाखती घेऊन टिपल्या, मग त्या नीट सांगता याव्यात म्हणून कॉमिक काढायला शिकली. पुस्तक आलं 2017 मध्ये. तिचा सूर मारिओंच्या अगदी उलट, दुःखाचा, पण सुरुवात तशीच, बाजाराच्या आधीची. घरातल्या माणसांपासून.

आज तुमच्या हाताशी काय आहे? चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी कंपनीच्या बसेस एकीमागे एक अडकतात. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, रात्रपाळीहून परतणारे एका बाजूला आणि फर्स्ट शिफ्टला जाणारे दुसऱ्या बाजूला. बिहारचा कंत्राटी कामगार, बीडचा आयटीआयवाला, पुढच्या गाडीत जर्मन किंवा कोरियन साहेब आणि त्या सगळ्यांमधून वाट काढणारा कांद्याचा टेम्पो, कारण चाकणचा कांदाबाजार कारखान्यांच्या आधीचा. जवळच संग्रामदुर्ग आहे. फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 मध्ये शाईस्ताखानाशी तो लढवला. या पट्ट्यात बहुतेक प्रत्येकाचं एक गाव मागे सुटलं आहे. मारिओंनी लोटली काढली तशी ही गर्दी, नाक नाक वेगळं ठेवून, मी अजून कुणाची पाहिलेली नाही. गाड्यांची छायाचित्रं भरपूर आहेत, माणसांची चित्रं नाहीत.

मारिओ 11 डिसेंबर 2011 रोजी लोटलीच्या घरातच गेले. दुसऱ्या वर्षी सरकारने पद्मविभूषण जाहीर केलं. तुम्ही त्यांची नक्कल करू नका, वळणदार फांद्या तर अजिबात नको. वही मात्र उचला. लातूरचं की आकुर्डीचं हा प्रश्न सुटेपर्यंत थांबायची गरज नाही, मारिओ थांबले नव्हते. उद्या तळेगाव चौकात बस अडकेल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि शेजारी बसलेल्या माणसापासून सुरुवात करा. पानावर तारीख टाकायला विसरू नका.