पेपरवाल्या कुत्र्याची कुळकथा

पालघर-बोईसरकडे कुत्र्याचं पिल्लू घ्यायला जा, पहिला प्रश्न येतो, ‘पेपरवालं हवं की बिनपेपरचं?’ पेपरवाल्याचा भाव अर्थातच चढा. इकडे माकुणसारला वाडीच्या राखणीवर असलेल्या गावठी कुत्र्याला कसलाच पेपर नसतो. खारी दमट हवा, गोचीड, चार महिन्यांचा पाऊस आणि ताटातला उरलेला भात एवढ्यावर जो तगला, त्याची वीण पुढे चालली. तो पेपर, म्हणजे वंशावळीचा दाखला, मात्र फार लांबून आलाय, आणि त्याचं मूळ कुत्र्यांत नाही, मेंढ्यांत आहे.

इंग्लंडात लेस्टरशरमधल्या डिशली इथे रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) हा शेतकरी होता. खाण तशी माती हे कुठल्याही मेंढपाळाला ठाऊक असतं. बेकवेलने नर-माद्या वेगळ्या राखल्या, ठरवून जोड्या लावल्या आणि हवा तो गुण पक्का करायला अगदी जवळच्या नात्यातही जोड लावली. आपल्याकडे सगोत्र सोयरीक टाळतात, याने ती मुद्दाम केली! मेंढे तो शक्यतो विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. म्हणजे दुसऱ्यांच्या कळपांत त्यांची कोकरं कशी निपजतात हे बघता येई. जुन्या मेंढ्यांचे सांगाडे आणि खारवलेले मांसाचे तुकडे त्याने जपून ठेवले होते. नव्या पिढीचं हाड बारीक झालं का, मांस वाढलं का, हे त्यांच्याशी ताडून बघायचं. वाण सुधारणं म्हणजे काय, याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता: लवकर तयार होणारं, जास्त मटण.

अशा ठरवून जोड्या लावायच्या तर कोण कुणाच्या पोटचं हे लिहून ठेवणं आलं. १७९१ मध्ये शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापून निघाली. कुत्र्यांची पाळी त्यानंतर आली. १८५९ च्या जूनमध्ये न्यूकॅसलला पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचं. बक्षीस म्हणून दुनळी बंदुका होत्या. पॉइंटरच्या परीक्षकाचा सेटर पहिला आला आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटर. तेव्हा प्रदर्शनांबद्दलची कुरकुरही प्रदर्शनांइतकीच जुनी. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी चार हजारांवर कुत्र्यांची नोंदवही छापली गेली. आपल्या हाती पडणारा पेपर या वहीचाच वंशज.

आपल्या बाजूला वाण घडवायचं काम मुधोळच्या घोरपड्यांनी केलं. आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ तेव्हा मराठा संस्थान होतं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर लोकांचे शिकारी कुत्रे हेरले, त्यांतले निवडून वीण राखली आणि एक जोडी बादशहा पंचम जॉर्जला भेट दिली. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट. वासापेक्षा नजरेने सावज टिपणारा हा कुत्रा. महाराष्ट्रात हाच कारवानी, आणि कान-शेपटीला झालर असली तर पश्मी. त्याची परीक्षा साधी होती: उघड्या माळावर सशामागे सोडला की कळायचं. जो दमला, त्याची पिल्लं कोण ठेवणार?

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा बसला. ते योग्यच झालं, पण कारवानीची परीक्षाही त्याबरोबर गेली. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र ही जात जोपासतं. २०१६ मध्ये तिथली पिल्लं मेरठला लष्करी प्रशिक्षणाला गेली. मला यात आशा वाटते ती एवढ्याचसाठी, की कुत्र्याला पुन्हा काम मिळालं.

कामाची कसोटी गेली की उरतं रूप, आणि रूपाला अंत नाही. पगचं नाक इतकं आत दाबलं गेलं की श्वास घेताना तो घरघरतो. डाल्मेशियनची गोष्ट याहून बोलकी आहे. शुद्ध डाल्मेशियनच्या रक्तात एक दोष सरसकट पसरलेला होता, त्यापायी मूत्रखडे होत. अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शेबल यांनी १९७३ मध्ये एकदाच पॉइंटरशी संकर केला, पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या आणि दोष नसलेली ठिपकेवाली पिल्लं मिळवली. तरी अमेरिकन केनेल क्लबने ती कायमची स्वीकारायला २०११ उजाडलं. का? वंशावळीत एक पॉइंटर होता! वही प्राण्यासाठी होती, की प्राणी वहीसाठी?

आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत: पैदास करणाऱ्याची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी हवी, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर वीण नको, आयुष्यात पाचांहून जास्त विणी नकोत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. पेपरवर आईबापांची नावं असतात. त्यांचा श्वास, सांधे, स्वभाव नसतो. म्हणून पेपर जरूर मागा, पण आधी पिल्लाची आई दाखवायला सांगा. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.