भायखळ्याच्या तुरुंगातील लस

घाटीत असो वा मुंबईत, नव्या औषधाच्या चाचणीचे नाव निघताच आपले लोक बिचकतात. १८९७ चा दाखला पाहा. मुंबईत प्लेग होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन साहेबांनी लस तयार केली व १० जानेवारीस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना ती दिली. टोचण्याआधीच लागण झालेले वगळता लसवाल्यांत २ आजारी, मृत्यू नाही. बाकीच्यांत १२ आजारी, ६ मृत्यू. तुलनेस दुसरा गट लागतो तो यासाठीच. कैद्याला ‘नाही’ म्हणणे कितपत शक्य होते, हा प्रश्न राहतोच. आज लेखी संमती लागते व केव्हाही माघार घेता येते. तरुण आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या जमातीतील लोक पुढे आले.