हॅलिबटची काठी स्वस्त कशी झाली?

ह्या वीकेंडचा विषय मासेमारी. ऑनसाइटच्या निमित्ताने सिएटलला आल्यापासून ऑफिसातल्या दोघा-तिघांच्या नादाने मला हॅलिबटचं वेड लागलंय. आणि हे वेड दिसतं तेवढं स्वस्त नाही. दुकानात 'हॅलिबटसाठी' म्हणून जी नवी कोरी काठी आणि रीळ समोर ठेवतात, त्यांच्या पैशात पुण्यात बरी सेकंडहँड स्कूटर येईल. म्हणून मी गराज सेलमधून ३५ डॉलरला एक जुनं रीळ उचललं. पेन कंपनीचं, सेनेटर, मॉडेल ११३. घरी आणून उघडलं, साफ केलं, आणि मग (नेहमीप्रमाणे) वापरायचं सोडून त्याचा इतिहास खणत बसलो.

आधी हॅलिबट म्हणजे काय ते सांगतो. माझ्या आजोळी, मालवणला, ज्याला लेपो म्हणतात त्या चपट्या माशाचा हा दूरचा भाऊबंद. दोन्ही डोळे एकाच बाजूला, एका अंगावर पडून समुद्राच्या तळाशी राहणारा. फरक एवढाच की लेपो ताटलीत मावतो आणि मोठा हॅलिबट दारातून आत येत नाही. प्रशांत महासागरातल्या हॅलिबटचा काठी-रिळावरचा जागतिक विक्रम ४५९ पौंडांचा आहे, म्हणजे २०८ किलो! १९९६ साली अलास्कातल्या डच हार्बरला तो धरला गेला. अलास्कात मोठा हॅलिबट बोटीत घ्यायच्या आधी त्याला चक्क गोळी घालतात, कारण तो डेकवर जिवंत आला तर शेपटीच्या फटक्याने माणसाचा पाय मोडू शकतो.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघू. मासा दोनशे-तीनशे फूट खोल. भरती-ओहोटीचा करंट जोरदार, त्यामुळे आमिष तळाशी टिकवायला पौंड-दोन पौंड शिसं लागतं. पण हा मासा टुनासारखा शेकडो यार्ड सुसाट पळत नाही. विहिरीत पडलेली भिजलेली सतरंजी वर ओढावी, तसं काम असतं. म्हणजे वेगापेक्षा ताकद हवी. वरंध्याच्या घाटात एसटी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चढते ना, तसं रीळ. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण जुनी स्वस्त रिळं ह्या माशाला पुरतात त्याचं कारण हेच आहे.

रीळ यायच्या कितीतरी आधीपासून ह्या किनाऱ्यावर हॅलिबट धरला जात होता, हे इथे सांगायलाच हवं. अलास्काचे ट्लिंगिट लोक दोन वेगळ्या लाकडांचे तुकडे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात बांधून गळ करायचे. बहुधा एक अल्डरचा, दुसरा पिवळ्या सीडरचा. त्यावर हाडाचं किंवा पुढे लोखंडाचं टोक आणि एका बाजूला कोरलेली आकृती. दोरी केल्प नावाच्या समुद्री वनस्पतीच्या देठाची किंवा सीडरच्या सालीची. सिएटलहून चार-पाच तासांवर असलेल्या नीआ बेचे मकाह लोक लाकूड केल्पच्या पोकळ फुग्यात घालून वाफवायचे आणि वाकवून गळ करायचे. त्या गळाला ते चिबूद म्हणतात. ह्यात मला थक्क करणारी गोष्ट अशी की गळाची रुंदी ठरवून केलेली असायची. लहान मासा त्यात अडकायचा नाही आणि फार मोठ्याचं तोंड त्यात बसायचं नाही. मधल्या मापाचा तेवढा लागायचा. ह्याला म्हणतात स्पेसिफिकेशन!

काठी-रिळाने मोठे मासे धरण्याचा खेळ मात्र सुरू झाला तो पैसेवाल्यांचा. १८९८ साली कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी टुना क्लब काढला. तेव्हाच्या रिळांना ब्रेक असा नव्हताच. मासा पळाला की हँडल उलटं गरगरायचं आणि बोटं सोलून काढायचं. लोक चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून दोरी थोपवायचे. १९१०च्या दशकात विल्यम बोशेन यांच्या कल्पनेवरून ज्युलियस व्हॉम होफ या कारागिराने आतल्या आत घसरणारा क्लच असलेलं रीळ बनवलं. त्यावर चांदणीच्या आकाराचं चाक. ते फिरवलं की चकत्या आवळल्या जातात. दोरी ठरावीक ताणाला घसरते आणि हँडल जागेवर राहतं. आजचं स्टार ड्रॅग ते हेच. माझ्या गराज सेलवाल्या रिळातही तेच आहे. पण व्हॉम होफ घराण्याची रिळं म्हणजे हाताने घडवलेलं घड्याळासारखं काम. गोदीवरच्या हमालाने ती दुकानाच्या काचेतून बघायची.

इथे आपला हिरो येतो. ऑटो हेन्झे. जर्मनीहून अमेरिकेत आलेला, फिलाडेल्फियात ओशन सिटी नावाच्या रीळ कंपनीत कामाला होता. १९३२ साली, महामंदीच्या ऐन भरात, ह्या माणसाने नोकरी सोडून स्वतःची पेन कंपनी काढली. (आमच्याकडे मंदीत लोक नोकरीला चिकटून बसतात. असो.) १९३६ साली मोठ्या माशांसाठी सेनेटर मालिका आली. वर सांगितलेलंच तंत्र, पण कारखान्यात, साच्यात, संख्येने बनवलेलं. दिसायला राजबिंडं वगैरे काही नाही. काळ्या-तांबड्या कठीण प्लास्टिकच्या बाजू, क्रोम चढवलेला धातू, जाडजूड दांडे.

पण माझ्या मते पेनची खरी करामत रिळापेक्षा सुट्या भागांच्या नंबरात आहे. प्रत्येक भागाला नंबर, पुढे मॉडेलचा नंबर. ५ म्हणजे मुख्य गिअर. म्हणजे ५-११३ हा मॉडेल ११३चा मुख्य गिअर. मॉडेल बदललं तरी गिअर पाचच! शिवाय एका मॉडेलचे कितीतरी भाग दुसऱ्याला चालतात, आणि डिझाइन वर्षानुवर्षं फारसं बदललं नाही. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणजे काय हे आमच्या क्षेत्रातल्या काही मंडळींना शिकवायला हा कॅटलॉग वाचायला द्यावा :-) परिणाम असा की कुणाच्या तरी आजोबांचं रीळ आजही पाच-दहा डॉलरच्या भागांत उभं राहतं. मी माझ्यातल्या ड्रॅगच्या जुन्या चकत्या काढून कार्बन फायबरच्या टाकल्या. एक स्क्रूड्रायव्हर, थोडं ग्रीस आणि एक रविवार दुपार. 'परवडणारं' म्हणजे नुसतं विकत घेताना स्वस्त नव्हे, हे इथे कळतं. स्वस्त नवं रीळ दोन हंगामांत फेकून द्यावं लागत असेल तर ते महागच पडलं.

काठीची गोष्ट वेगळी. चांगली काठी म्हणजे चीनच्या ग्वांगडाँग भागातून येणाऱ्या बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली, वेळखाऊ आणि महाग. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थर होवाल्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या बांबूच्या काठीचं टोक मोडलं. युद्धामुळे नवं मिळेना, म्हणून त्याने काचेचे तंतू रेझिनमध्ये घालून टोक बनवलं. त्यातूनच शेक्सपिअर कंपनीची फायबरग्लासची वंडररॉड १९४७ साली बाजारात आली. ह्याच कंपनीने १९७६ साली अग्ली स्टिक काढली. नावातच कबुली आहे, काठी कुरूप आहे! फायबरग्लासला ग्रॅफाइटचा आधार, वजनाला जड, पण बोटीच्या कडेवर आपटली तरी तिला काही होत नाही. निव्वळ ग्रॅफाइटची महाग काठी हलकी आणि संवेदनशील खरी, पण तिला टोचा बसला की ती नेमकी मासा असतानाच तुटते. खाली दोन पौंड शिसं लटकत असताना ती संवेदनशीलता करायची काय?

राहिली दोरी. जुनी कटीहंक दोरी जवसाच्या तागाची असायची. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन वाळवायची, नाहीतर कुजायची. मग नायलॉन आलं. कुजत नाही, पण रबरासारखं ताणतं, त्यामुळे तीनशे फुटांखाली मासा काय करतोय ते वर कळतच नाही. १९९०च्या दशकात स्पेक्ट्रा तंतूची विणलेली दोरी आली आणि सगळं गणित बदललं. ८० पौंडांचा ताण घेणारी ही दोरी साधारण १८-२० पौंडी नायलॉनएवढी बारीक. बारीक म्हणून करंटचा रेटा कमी, म्हणून शिसं कमी. आणि रिळावर जागाही कमी लागते. आधी ज्याला मोठं, जड सेनेटर लागायचं, त्याला आता ११३ पुरतं. एक मात्र आहे, ही दोरी स्वस्त नाही. माझ्या रिळापेक्षा दोरीच महाग पडली असती. उपाय जुनाच: खाली अर्धं रीळ साधं नायलॉन भरायचं आणि वर तीनशे यार्ड स्पेक्ट्रा. शिवाय ही दोरी गुळगुळीत धातूवर नुसती घसरते, त्यामुळे खाली नायलॉन हवंच असतं.

साधनं स्वस्त आणि हलकी होत गेली, पण तिकडे मासाही लहान होत गेला. अमेरिका आणि कॅनडाने १९२३ साली करार करून हॅलिबटसाठी आयोग स्थापला. तेव्हापासून मोजमापं ठेवली जातायत. त्यांत दिसतं की १९८०च्या दशकाशी तुलना करता त्याच वयाच्या मादीचं वजन आता निम्म्याहून कमी भरतं. अन्नासाठी स्पर्धा, समुद्राचं बदलतं हवामान, मोठे मासे वेचून काढणारी मासेमारी अशी कारणं मांडली जातात. तेव्हा आजचा सरासरी हॅलिबट मध्यम रिळावर आरामात येतो ह्याचं श्रेय सगळंच हेन्झे आणि होवाल्ड यांना देता येत नाही.

पाठोपाठ नियमही आले. आग्नेय अलास्कात २०१२ साली चार्टर बोटीवरच्या गिऱ्हाइकाला दिवसाला एकच हॅलिबट, तोही ४५ इंचांपर्यंतचा किंवा ६८ इंचांहून मोठा, असा नियम झाला. पुढे मापं बदलत राहिली. मधल्या मापाचा लागला तर परत सोडायचा. ट्लिंगिटांचा लाकडी गळ नेमका मधलाच वेचायचा.