कोरड्या इमारतीतले मासे

घरच्या मत्स्यपेटीच्या पंपाची वायर प्लगच्या खाली झोल देऊन सोडतात. वायरीवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. पाण्यापासून विजेची उपकरणं वाचवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर असा एखादा थेंबच येतो. न्यू ऑर्लीन्समध्ये प्रश्न थेंबाचा नव्हता.

मिसिसिपीच्या काठावरचं तिथलं मत्स्यालय १९९० साली उघडलं. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ धडकलं, बांध फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. नदीकाठची जमीन मात्र तिथे उंच आहे (नदीनेच गाळ टाकून ती उंच केली), त्यामुळे इमारत बरीचशी धड राहिली. वीज गेली तेव्हा जनरेटर सुरू झाला. पुढे शहरातली परिस्थिती बिघडली, थांबलेल्या कर्मचाऱ्यांना बाहेर पडावं लागलं, आणि जनरेटरही बंद पडला. पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू संपत जातो, गाळणी थांबते, अमोनिया साठतो. हजारो मासे मेले. आणि पुराचं पाणी तर आत शिरलंच नव्हतं! प्लग झाका, यंत्रं उंचावर बसवा, हे सगळं खरंच. पण जनरेटरवर लक्ष ठेवणारा माणूस तिथे कसा टिकेल, याचा विचारही त्याच कामाचा भाग आहे, असं मला वाटतं.

हवेत श्वास घेणारे बरेच प्राणी तगले. १९ पेंग्विन आणि दोन समुद्री पाणमांजरं कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयात नेली. मे २००६ मध्ये पेंग्विन विमानाने परतले.