आतड्यातले विषाणू आयबीडीला कारणीभूत ठरतात का?

पोटात वारंवार कळा, न थांबणारे जुलाब, शौचातून रक्त आणि घटत जाणारं वजन. 'इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज' म्हणजेच आयबीडीची ही प्रमुख लक्षणं. औषधांनी हा आजार आटोक्यात राहतो, पण अनेकांमध्ये तो पुन्हा पुन्हा उफाळतो. त्याचं मूळ शोधताना संशोधकांचं लक्ष बराच काळ आतड्यातल्या जिवाणूंकडे होतं. आता विषाणूंचाही अभ्यास होतोय.

आयबीडी म्हणजे काय?

यात मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यातच दाह निर्माण करते. आयबीएस हा वेगळा त्रास आहे. त्यात आतड्याला अशा जखमा होत नाहीत.

आतड्यात विषाणू असतात?

निरोगी माणसाच्या आतड्यातही असंख्य विषाणू असतात. त्यातले बहुतेक 'बॅक्टेरियोफेज', थोडक्यात फेज असतात. ते माणसाच्या पेशींना नव्हे, तर जिवाणूंना लागण करतात. काही फेज जिवाणूला फोडून बाहेर पडतात, तर काही त्याच्या डीएनएमध्ये दडून राहतात. फेलिक्स डेरेल यांनी १९१७ मध्ये या विषाणूंना हे नाव दिलं. त्यांना ते आमांशाच्या रुग्णांच्या विष्ठेत सापडले होते.

रुग्णांमध्ये काय वेगळं दिसलं?

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हर्बर्ट व्हर्जिन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. त्यात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या रुग्णांच्या विष्ठेचे नमुने तपासले होते. आयबीडीच्या रुग्णांमध्ये जिवाणूंची विविधता कमी, पण फेजची विविधता जास्त आढळली. क्रोन्स आणि कोलायटिसमध्ये हे बदल वेगवेगळे होते.

हे कारण की परिणाम?

खरा पेच इथेच आहे. आतड्याला सूज आली की जिवाणूंवर ताण येतो आणि त्यांच्यात दडलेले फेज बाहेर पडू शकतात. म्हणजे विषाणूंमधला बदल हा आजाराचा परिणामही असू शकतो. त्यामुळे उंदरांवरचे प्रयोग महत्त्वाचे ठरतात.

२०१० मध्ये केन कॅडवेल आणि सहकाऱ्यांनी क्रोन्सशी संबंधित 'एटीजी१६एल१' या जनुकात दोष असलेले उंदीर अभ्यासले. या उंदरांना नोरोव्हायरसची लागण झाली, तेव्हाच त्यांच्या आतड्यातल्या विशिष्ट पेशींमध्ये क्रोन्ससारखे बिघाड दिसले. नुसता जनुकातला दोष किंवा नुसता विषाणू त्यासाठी पुरेसा नव्हता.

२०१९ च्या एका अभ्यासात फेज दिल्यावर उंदरांच्या आतड्याचा दाह वाढला. जिवाणूंशिवाय वाढवलेल्या उंदरांमध्येही फेजमुळे प्रतिकारपेशी उत्तेजित झाल्या. केट जेफ्री यांच्या गटाने २०२२ मध्ये माणसांच्या आतड्यातून मिळवलेले विषाणू तपासले. निरोगी आतड्यातल्या विषाणूंचा परिणाम दाह कमी करणारा होता, तर आयबीडीच्या रुग्णांकडून घेतलेल्या विषाणूंमुळे दाह वाढला.

थोडक्यात, एखादा विषाणू शिरला आणि आयबीडी झाला, इतकं हे सरळ नाही. जनुकं, जिवाणू, विषाणू आणि प्रतिकारशक्ती यांचं गणित बिघडण्याशी या आजाराचा संबंध आहे.

उपचारात उपयोग होईल?

फेज ठरावीक जिवाणूंनाच मारतात, त्यामुळे त्यांचा औषधासारखा वापर करण्याची कल्पना पुढे आली. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या नेतृत्वाखालील गटाने २०२२ मध्ये आयबीडीशी संबंधित 'क्लेबसिएला' जिवाणूविरुद्ध पाच फेजचं मिश्रण वापरलं. उंदरांमध्ये जिवाणू आणि दाह दोन्ही कमी झाले. निरोगी स्वयंसेवकांना दोन फेज देऊन केलेल्या छोट्या चाचणीत ते सुरक्षित वाटले. पण आजार बरा होतो, हे यातून सिद्ध होत नाही.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

आयबीडीचं निदान आजही कोलोनोस्कोपी, बायोप्सी, रक्त आणि विष्ठेच्या तपासण्यांवरूनच होतं. भारतात आतड्याच्या क्षयरोगाची लक्षणं क्रोन्ससारखीच दिसत असल्याने अचूक निदान विशेष महत्त्वाचं आहे. क्षयरोग असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर तो बळावू शकतो. त्यामुळे विषाणूंवरचं संशोधन वाचून सुरू असलेली औषधं परस्पर बंद करू नयेत.